अंगवळणी पडलेली समजूत आणि घरची शेतकरीण

वाचकहो, एक छोटासा प्रयोग करून पाहा. त्याला खर्च नाही, वेळही फारसा लागत नाही. क्षणभर डोळे मिटा आणि मनाशी एकच शब्द म्हणा : शेतकरी. डोळ्यांपुढे कोण उभे राहिले? डोक्याला मुंडासे, हातात नांगराची मूठ किंवा बैलांचा कासरा, असा कोणी तरी पुरुषच आला असेल. आता घरातल्या बायामाणसांना आणि पोराबाळांना हाच प्रश्न विचारा. बहुतेकांचे उत्तर तेच येईल. जिने आषाढातल्या पावसात दिवसभर ओणवून भाताची लावणी केली, तिच्याही डोळ्यांपुढे मुंडासेवालाच येईल.

यात कोणी कोणाला फसविलेले नाही. कोणी ठरवून बाईला बाजूला सारलेले नाही. विचार करण्याआधीच मनाने उत्तर देऊन टाकले, इतकेच. असे का होते आणि त्यामुळे शेतीचे व संसाराचे काय नुकसान होते, हे आज पाहू.

आठवण दोन प्रकारची

मागल्या साली पाऊस कधी लागला, सोसायटीचे देणे किती राहिले, थोरलीच्या लग्नाला कोण कोण आले होते, हे आपण आठवून सांगतो. ही सांगता येणारी आठवण. विसरली तर विसरलो हेही आपल्याला कळते.

दुसरी आठवण मुकी असते. संध्याकाळी जू उतरले की बैल कोणी न हाकता गोठ्याची वाट धरतो. धार काढणाऱ्याला विचारा की बोटे कोणत्या क्रमाने दाबता? त्याला नीट सांगता येणार नाही, पण कासेला हात लागला की चरवीत धार वाजू लागते. लावणी करणाऱ्या बाईला विचारा की रोप चिखलात किती खोल जाते? ती म्हणेल, ‘ते काय सांगायचे, लावूनच दाखविते.’ लहानपणी शिकलेली सायकल वीस वर्षांनी हाती आली तरी पाय चुकत नाहीत. हे सारे शिकलो कधी ते आठवत नाही, पण शिकलेले जात नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक याला अव्यक्त स्मृती म्हणतात. आपल्या बोलीत याला त्याहून चांगला शब्द आहे : अंगवळणी पडणे.

या मुक्या आठवणीचे एक जुने उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरातले आहे. एडुआर क्लापारेद या डॉक्टरांनी १९११ साली ते लिहून ठेवले. त्यांच्याकडे एक बाई होती. आजारामुळे तिच्या ध्यानात नवीन काही राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला दर वेळी नवेच वाटत. एकदा डॉक्टरांनी आपल्या हातात टाचणी लपविली आणि तिच्याशी हात मिळविला. तिला टाचणी टोचली, आणि थोड्याच वेळाने ती ते विसरूनही गेली. पण पुढे डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात झटकन मागे घेतला. कारण विचारले तर तिला घडलेला प्रसंग सांगता येईना. तोंडाला आठवत नव्हते, हाताला आठवत होते.

हीच कोठी समजुतींचीही

ही मुकी आठवण नुसत्या हातापायांची असती तर तक्रार नव्हती. पण कोण मोठा, कोण धाकटा, कोणाचे काम कोणते, कोणाच्या शब्दाला वजन किती, या समजुतीही त्याच कोठीत साठत जातात. त्या कोणी पाटीवर लिहून शिकवीत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात बाबा शेतात आणि आई चुलीपाशी. ‘लेक म्हणजे परक्याचे धन’, ‘मुलगा वंशाचा दिवा’, हे कानावर हजार वेळा पडलेले. पंगतीत आधी कोण बसतो, दुधाची वाटी कोणाला मिळते, बाजाराला जाताना पैसे कोणाच्या खिशात असतात, हे मूल पाळण्यातून उतरल्यापासून पाहत असते. पाहिलेले विसरते, पण मुरलेले राहते.

आपली भाषासुद्धा पाहा. गावचा कारभार पाहायचा तो पाटील. मग पाटलीण कोण? पाटलाची बायको. मुलांना शिकवितो तो मास्तर. मास्तरीण म्हणजे पुष्कळदा मास्तरांची बायको. शेती करतो तो शेतकरी. शेतकरीण म्हटले की शेतकऱ्याची बायको. पुरुषाला त्याच्या कामावरून नाव आणि बाईला नवऱ्यावरून.

याला एक चांगला अपवाद आपल्याच जिल्ह्यात आहे. मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर कोळीण म्हटले की कोळ्याची बायको एवढेच मनात येत नाही. मासळीची पाटी, भावाची घासाघीस, रोख पैसा आणि गिऱ्हाइकाला गप्प करणारी जीभ, असे सगळेच्या सगळे डोळ्यांपुढे येते. कारण सोपे आहे. कोळणीला आपण व्यवहार करताना नेहमी पाहतो. जे डोळ्यांना वारंवार दिसते तेच मनात मुरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गावोगाव हिंडताना एक वाक्य फार ऐकू येते. दारात उभे राहून कोणी विचारतो, ‘मालक आहेत का घरी?’ आतून बाईचा आवाज येतो, ‘नाहीत, मुंबईला गेले. घरात कोणी नाही.’ सांगणारी स्वतः उंबऱ्यात उभी असते. मागल्या पडवीत सासूबाई वाल सोलीत असतात. तरी घरात ‘कोणी नाही’. विचारणाऱ्याने फक्त मालकाची चौकशी केली आणि सांगणारीने स्वतःला मोजले नाही. दोघांच्याही मनात खोट नाही. जीभच तशी वळली आहे.

नावांची परीक्षा

‘आमच्या घरात असा भेदभाव मुळीच नाही,’ असे पुष्कळजण म्हणतील, आणि ते मनापासून म्हणतील. पण मन जे म्हणते आणि मुकी आठवण जे करते, ते एक असतेच असे नाही.

मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेत मानसशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या महजरीन बनाजी यांनी अँथनी ग्रीनवाल्ड यांच्याबरोबर एक सोपी परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दिवशी काही लोकांना नावांची यादी वाचायला दिली. त्यात काही नावे प्रसिद्ध माणसांची होती, काही अगदी सामान्य. काही पुरुषांची, काही बायकांची. दुसऱ्या दिवशी त्यांतली नावे नव्या नावांत मिसळून दाखविली आणि विचारले, ‘यांतली प्रसिद्ध माणसे कोणती?’

आता काय होते पाहा. काल वाचलेले सामान्य नाव आज ओळखीचे वाटते, पण कोठे वाचले ते आठवत नाही. मग मन म्हणते, ओळखीचे वाटते आहे, म्हणजे कोणी तरी मोठा असणार. ही फसगत पुरुषांच्या नावांबाबत जास्त झाली, बायकांच्या नावांबाबत कमी. ओळख सारखीच, पण तिचा मान पुरुषाच्या नावाला अधिक मिळाला. आणखी एक गोष्ट अशी की, स्त्री-पुरुषांविषयी ज्यांची मते उघडपणे जुनाट होती तेच चुकले असे नव्हते. चांगली मते असणारेही चुकले.

आपल्याकडे हे रोज घडते. गावात एखाद्याचे नाव दोनचार वेळा कानावर आले की आपण म्हणतो, ‘असेल कोणी तरी पुढारी.’ बाईचे नाव तितक्याच वेळा कानावर आले तर म्हणतो, ‘कोणाची हो ती?’

भाताच्या खाचरात काय घडते

आता शेताकडे वळू. आपल्या माणगाव तालुक्यातील भाताचा एक हंगाम मनाशी धरा आणि कोणते काम कोण करते याची यादी करा. राबासाठी पालापाचोळा व शेण गोळा करणे, रोपे उपटून मुठी बांधणे, लावणी, बेणणी, कापणी, पाखडणे, पुढच्या सालासाठी बी वेगळे काढून राखणे, ही कामे मुख्यतः बायकांच्या हातची. नांगरट, चिखलणी, बांधबंदिस्ती, फवारणी, झोडणी आणि विक्री ही पुरुषांची. त्यातून घरचा माणूस चाकरमानी असला तर पुरुषांच्या यादीतली निम्मी कामेही बाईच उरकते किंवा मजूर लावून करवून घेते. भातानंतर त्याच ओलीवर टाकलेल्या वालाचेही तेच.

असे असूनही आपण म्हणतो, ‘बायको शेतीत मदत करते.’ लावणी जर मदत असेल तर काम कशाला म्हणायचे?

हा नुसत्या शब्दांचा वाद असता तर सोडून दिला असता. पण यात पिकाचे नुकसान आहे. चारसूत्री भातशेतीचे उदाहरण घ्या. डॉ. नारायण सावंत यांनी ती कोकणातल्या शेतकऱ्यांपुढे ठेवली. तिची चार सूत्रे अशी : भाताच्या तुसाची राख व पेंढा पुन्हा शेताला देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, दोरीवर नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणे. लावणीची दोरी २५ आणि १५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून खुणांची असते. एका ठिकाणी दोन ते तीनच रोपे लावायची. अशा जवळजवळच्या चार चुडांचा चौकोन पडला की लावणीच्याच दिवशी त्याच्या मध्यावर एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. त्यामुळे खत वाहून जात नाही आणि थोड्या खतात काम भागते.

आता सांगा, या चारांतली शेवटची दोन सूत्रे कोणाच्या बोटांनी पार पडतात? बाईच्या. आणि सभेला कोण येऊन बसतो? पुरुष. तो मान डोलावतो, पत्रक खिशात घालतो, घरी जातो. लावणीच्या दिवशी तो पॉवर टिलरवर असतो किंवा मुंबईच्या गाडीत. बायका पावसात रांगेने उभ्या असतात. त्यांना कोणी तरी बांधावरून ओरडून सांगतो, ‘औंदा दोरीवर लावा गं!’ का लावायचे, रोपे कमी का घ्यायची, गोळी मधोमधच का, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग हात आपल्या जुन्या वळणावर जातात. पाचसहा रोपांचा झुबका, मोकाट अंतर, गोळी जिथे पडेल तिथे. सुगीला उतारा वाढत नाही आणि गावात बोलवा होतो की चारसूत्री आपल्या जमिनीत चालत नाही. दोष जमिनीचा नाही, पद्धतीचाही नाही. शिकविले एकाला आणि काम केले दुसरीने.

कापणीचेही तसेच. भात जमिनीलगत कापावे, म्हणजे धसकटात राहणाऱ्या खोडकिडीच्या अळ्या कमी होतात. त्यासाठी दातेरी, हलका वैभव विळा चांगला. पण विळा विकत घेतो पुरुष आणि दिवसभर वापरते बाई. तिच्या मुठीत तो बसतो का, हे दुकानात कोण पाहणार?

हा दोष आपल्या एकट्या तालुक्याचा नाही. एस्टर बोसरप नावाच्या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली विकासातील स्त्रियांच्या वाट्यावर मोठे पुस्तक लिहिले. ज्या मुलुखात शेती मुख्यतः बायकाच करीत होत्या तेथेसुद्धा नवी अवजारे व नव्या रीती पुरुषांना शिकविल्या गेल्या, आणि बाई जुन्याच अवजारासह मागे राहिली, असे त्यांनी दाखवून दिले. शेतकरी म्हणजे पुरुष, ही समजूत शिकविणाऱ्यांच्याही अंगवळणी पडलेली असते.

मजुरीतही तीच गोष्ट. एकाच कामाला बाई-पुरुष सारखीच मजुरी द्यावी, असे आपल्या देशाचा कायदा १९७६ सालापासून सांगतो. पण ‘बाईचा रोज’ आणि ‘गड्याचा रोज’ हे शब्द अजून बोलण्यातून गेले नाहीत. लावणीच्या दिवसांत बाई मिळत नाही म्हणून आपण गावोगाव फिरतो. जिच्यावाचून हंगाम अडतो, तिचा रोज मात्र गड्याहून कमी धरतो. का, असे विचारले तर उत्तर एवढेच : पूर्वीपासून असेच आहे.

सातबारावरचे नाव

सर्वांत मोठे नुकसान कागदावर होते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ जणी शेतीत होत्या, कोणी स्वतःची जमीन कसणाऱ्या तर कोणी शेतमजूर. उलट २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच निघाले. म्हणजे राबणारे हात एकीचे आणि कागदावरचे नाव दुसऱ्याचे.

नाव नसले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल; संसार तर एकच आहे. तो एक आहे तोवर बिघडत नाही. पण पीककर्ज, नुकसानभरपाई, अनुदान, सारे काही नाव पाहून मिळते. आपल्या तालुक्यातून कोकण रेल्वे गेली, महामार्ग रुंद झाला, दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्यात आल्या. अशा वेळी मोबदला ठरतो तो नोंदींवरून. ज्या खाचरात तीस वर्षे बाई राबली, तिचे दाम दुसऱ्याच्या खात्यात जमा होते आणि पुष्कळदा तिला आकडाही सांगितला जात नाही. नवरा अकाली गेला तर वारस-नोंदीसाठी हेलपाटे घालताना तिला प्रथमच कळते की, कागदाच्या लेखी आपण शेतकरी नव्हतोच.

लेकीचे पाहा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो साऱ्या देशात लागू झाला. हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. कायदा इतका स्पष्ट आहे. तरी वडिलांच्या पश्चात बहिणींना तालुक्याच्या गावी बोलाविले जाते, चहा-फराळ होतो आणि हक्कसोड पत्रावर सह्या होतात. भाऊ वाईट असतो असे नाही. तो भाऊबीज चुकवीत नाही, भाच्याच्या लग्नाला सर्वांच्या आधी हजर असतो. बहीणही म्हणते, ‘मला काय करायचे? माहेर शाबूत राहिले म्हणजे झाले.’ ती खुशीने सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण सोडण्यापूर्वी काय सोडते आहोत हे तिला वाचून दाखविले होते का? आणि असे पत्र आजवर किती भावांपुढे ठेवले गेले?

या बाबतीत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीच एक चांगला पायंडा पाडला आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरविले. त्यानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम सुरू झाला. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे म्हणून नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग आपखुषीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असे केले, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव म्हणून गौरवायचे. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे अशा पहिल्या गावांपैकी एक. मोर्चा नाही, भांडण नाही, कोर्ट नाही. शेतकऱ्यांनी स्वतः होऊन केले. पुढे १९९२ साली राज्य शासनानेही परिपत्रक काढून, पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. अजूनही पुष्कळ घरांना ही सोय माहीत नाही. आपल्या तलाठ्याकडे चौकशी करा.

समजूत बदलते का?

हाडीमाशी मुरलेली गोष्ट बदलते का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बदलते. मात्र नुसत्या व्याख्यानाने बदलत नाही. हाताला नवे वळण जसे काम करून लागते, तसेच मनालाही नवे पाहून पाहून वळण लागते.

याचा चांगला पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात मिळाला. तेथे कोणत्या पंचायतीचे प्रधानपद बाईसाठी राखीव, हे जणू चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरत होते. त्यामुळे राखीव आणि बिगरराखीव गावांची तुलना करता आली. एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एक छोटे भाषण ऐकविले. भाषण शब्दाशब्दाने तेच, फक्त कोठे पुरुषाच्या आवाजात तर कोठे बाईच्या. ज्या गावांनी कधी बाई प्रधान पाहिली नव्हती, तेथील पुरुषांनी बाईच्या आवाजातील भाषणाला कमी गुण दिले. ज्या गावांत बाईने कारभार केला होता, तेथे हा फरक जवळजवळ मिटला. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, पुढारी कोण आवडतो असे विचारल्यावर तेथील पुरुषांनीही पुरुषालाच पसंती दिली. आवड जुनीच राहिली, पण पारख सुधारली.

पुढे २०१२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या गावांत दोनदा बाई प्रधान झाली, तेथे मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि मुलीकडून काय, यातला आईबापांच्या मनातला फरक कमी झाला. मुली जास्त शिकू लागल्या आणि त्यांच्या वाट्याचे घरकाम घटले.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. बाई सरपंच आणि खुर्चीत नवरा, असे प्रकार पुष्कळ झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या गावात बाईने खरोखर कारभार पाहिला, तेथल्या लहान मुलामुलींच्या डोळ्यांपुढे ‘सरपंच’ म्हटल्यावर लुगडे नेसलेली बाईही येते. कोळणीच्या बाबतीत जे घडले तेच येथे घडले.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणे जपले, त्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे केले ते आपल्या आज्या-पणज्या मडक्यात राख घालून, गाडग्याला शेण लिंपून करीतच होत्या. फरक एवढाच की, त्यांच्या कामाला कोणी शेती म्हटले नाही.

घरच्या घरी करता येईल असे

१. येत्या हंगामात एक कोरी वही ठेवा. कोणी, कोणत्या दिवशी, किती तास, काय काम केले ते लिहा. पोरांना हे काम आवडते. यात स्वैपाक, पाणी, गोठा हेही लिहा. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पाहणीत शंभरातल्या २६ पुरुषांनीच घरकामाला हात लावलेला दिसला. त्यांचाही दिवसाचा वेळ सरासरी ९७ मिनिटे भरला, आणि घरकाम करणाऱ्या बायकांचा २९९ मिनिटे. आपल्या घराचा आकडा आपणच काढावा.

२. जो जे काम करतो त्यानेच त्या कामाचे शिक्षण घ्यावे. लावणीचे, बियाणे राखण्याचे, कापणीचे प्रात्यक्षिक असेल तेव्हा घरातून बाई आलीच पाहिजे. सभा सकाळी चुलीच्या वेळी किंवा संध्याकाळी धारेच्या वेळी ठेवू नका, दुपारी ठेवा. जागाही अशी निवडा, जेथे बाई संकोच न करता पुढे बसेल.

३. विळा, कोयता, फवारणीचा पंप घेताना जी वापरणार तिला बाजारात बरोबर न्या. उचलून, मुठीत धरून पाहू द्या.

४. जनगणनेची किंवा दुसऱ्या कसल्या गणतीची माणसे दारात आली आणि ‘बाई काय करतात?’ असे विचारले, तर ‘घरीच असते’ असे सांगू नका. शेती करते, असे सांगा. बायांनो, तुम्ही स्वतःही तसेच सांगा.

५. भाताच्या विक्रीची पट्टी आणि बँकेचे पुस्तक दोघांनी मिळून पाहावे. मुलीला बँकेत स्लिप भरायला न्यावे आणि मुलाला ताटे उचलायला लावावे. हे सासवांनीही मनावर घ्यावे, कारण दुधाची वाटी वाटणारा हात पुष्कळदा त्यांचाच असतो.

६. लेकीविषयी एखादे वाक्य तोंडून गेले की तेच लेकाचे नाव घालून मनात म्हणून पाहा. ‘तिला एवढे शिकवून काय करायचे?’ यात ‘त्याला’ घाला. वाक्य कानाला खटकले तर समजा की ते आपण विचार करून बोललो नव्हतो, जिभेच्या वळणाने बोललो.

७. सातबारा काढून आणा आणि घरातल्या साऱ्यांसमोर मोठ्याने वाचा. कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, यावर शांतपणे बोला. हक्कसोड पत्राचा विषय निघाला तर ते आधी घरी आणून बहिणींना वाचून दाखवा आणि विचार करायला वेळ द्या.

दोरीवरची लावणी नव्याने करताना पहिले दोन दिवस सगळ्याच बायका वैतागतात. काम रेंगाळते, दोरी आडवी येते, हात चुकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातच खूण शोधू लागतात. घरातही तसेच होईल. प्रथम अवघड वाटेल, शेजारी हसतील, सभेत बाईला पुढे बसायला सांगितले तर तीच मागे सरकेल. चारदोन हंगाम नेटाने करा. तुमची नातवंडे ही नवी रीतच पाहत वाढतील आणि ती रीत त्यांच्या अंगवळणी पडेल.

यंदा भाताच्या प्रात्यक्षिकाची तारीख गावात सांगितली जाईल, तेव्हा आपल्या घरातून दोन नावे द्या : एक चिखलणी करणाऱ्याचे आणि एक लावणी करणारीचे.